उंबऱ्याबाहेर

अणुवीज केंद्रातलं प्रशिक्षण संपलं, तरी मुठा गावच्या लीलाबाई लेक रेश्माला नोकरीवर जाऊ देईनात. "तितलं किरणोत्सारी कायबाय अंगाला चिकटून घरात आलं तर?"

रेश्माने प्रशिक्षणातली सरावाची, निरुपद्रवी पूड आणली. ती एरवी दिसत नाही, जांभळ्या उजेडाच्या बॅटरीखाली मात्र चमकते. ओसरीवर तिने ती हातमोज्यांना फासली, मोजे उलटे करत उंबऱ्याबाहेरच उतरवले आणि आत आली. आईने दार लावून बॅटरी मारली. लेकीच्या हातांवर एकही ठिपका नव्हता.

"पोरगी लई हुशार हाय माजी!" डॉक्टरांनी गोड बंद केलेले हैबतराव खाटेवरून म्हणाले.

"हायेच. जा गं नोकरीला," लीलाबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे तिरकं बघत त्यांनी लेकीला सांगितलं,

"फकस्त ती पूड आन् बॅटरी हितं ठिवून जा. लाडवाचा डबा रोज कोण उघडतंय, ते बघायचंय मला."