निरोप्या

"आप्पा, याला सांगा, मनगटातून तार घालून स्टेंट बसतोय तर छाती कशाला फाडायची?" पलंगाच्या उजवीकडून थोरला म्हणाला.

"आप्पा, त्याला सांगा, तीन ब्लॉकेज आहेत आणि वर शुगर. बायपासच टिकेल," डावीकडून धाकटा म्हणाला.

घराच्या मधल्या भिंतीवरून भांडण झालं, तेव्हापासून सहा वर्षं माझे हे दोन मुलगे एकमेकांशी बोलत नाहीत. जे काही असेल ते माझ्या तोंडून. गणपतीच्या आरतीची वेळसुद्धा मीच या खोलीतून त्या खोलीत पोचवतो. आता छातीत कळा येताहेत, नाकात ऑक्सिजनची नळी आहे, तरी मेल्यांना निरोप्या मीच हवा!

डॉक्टरबाई वैतागल्या. "काका, तुम्हीच बोला. दोन्ही करता येईल, पण तुमची शुगर बघता बायपास जास्त बरं."

"स्टेंट घालताना मी जागा असेन?"

"हो, बोलूही शकाल."

"आणि बायपासला?"

"पूर्ण बेशुद्ध. नंतरही घशात नळी असते, त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत बोलता येत नाही."

"आप्पा, त्याला सांगा..." दोघंही एकदम सुरू झाले.

मी बाईंच्या हातातला फॉर्म ओढून घेतला आणि सही ठोकली.

"छाती उघडा," मी म्हणालो, "आणि घशातली ती नळी जमेल तितके दिवस राहू द्या."