बोंडाचं कॉकटेल

"ह्यांच्या ग्लासात दारूचा थेंब नगं," दाराची चौकट धरून सुधाकाकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "लिव्हर खराब झालंय. डॉक्टरांनी साफ सांगितलंय, आता प्याले तर वाचत न्हाईत. पर ह्यास्नी कळता कामा न्हाय. न्हायतर दुसरीकडं जाऊन पितील."

वल्लरीच्या हातातली बोंडं हातातच राहिली. डाळजच्या बांधावरून आणलेली फड्या निवडुंगाची ती लालभडक फळं गोणपाटावर घासून ती कुसळं काढत होती. त्यांच्या रसाचं कॉकटेल ही तिचीच करामत. ती काम करायची त्या जळोचीच्या हॉटेलात लोक खास त्यासाठी येत. दर शनिवारी संध्याकाळी काकू आणि त्यांचे यजमान रामरावही येत.

आता फसवायचं कुणाला, तर रामरावांना. उभा जन्म डिस्टिलरीत स्पिरिटचा वास घेण्यात गेलेला माणूस. वल्लरीने जिनऐवजी आल्याचा रस आणि मिरी ठासून घातली, देवाचं नाव घेतलं आणि ग्लास पुढे ठेवला.

रामरावांनी वास घेतला. थांबले. वल्लरीचा जीव टांगणीला लागला.

"झकास," ते म्हणाले आणि काकूंचं सरबत त्यांच्या हाताशी सरकवलं.

अर्ध्या ग्लासातच त्यांना चढली. काकूंनी त्यांना जीभ बाहेर काढायला लावली आणि वल्लरीला विचारलं, "लाल झालीय न्हवं?"

"लालबुंद," वल्लरी हसली. या वयातही यांचा बोंडं खाऊन रंगलेली जीभ दाखवायचा लहानपणीचा खेळ सुटला नव्हता, याचं तिला कौतुक वाटलं.

निघताना रामरावांचा तोल गेला. काकूंनी त्यांचा दंड घट्ट धरला. "ही आली पायरी. आता ही आली दुसरी," असं मोठ्यानं बरळत रामराव उतरले आणि दोघं रिक्षात बसली. मग दर शनिवारी हेच चालू झालं. वल्लरीला फसवणुकीचं वाईट वाटे, पण काकूंसाठी ती गप्प राही.

उन्हाळ्यात रामरावांचे रिपोर्ट चांगले आले. काकूंनी नरसिंहपूरहून पेढे आणले. डबा टेबलावर ठेवताना कडेवरून खाली पडला. "आनंदानं हात थरथरत्यात बघ," त्या म्हणाल्या आणि हॉटेलात भांडी घासणाऱ्या शकुबाईबरोबर हात धुवायला गेल्या.

त्या आत जाताच रामराव ताठ बसले. "पोरी, मिरी जरा कमी घालत जा. पहिल्याच दिवशी कळलं मला, यात काय न्हाय ते."

वल्लरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग काका, चढल्याचं सोंग कशाला? आता तब्येत सुधारलीय. काकूंना सांगून टाका की."

"नगं. तूबी सांगू नगंस." रामरावांनी आतल्या दाराकडे पाहिलं. काकू शकुबाईचा पदर धरून येत होत्या. ते उठले, मुद्दाम झोकांडी खाल्ली आणि दंड पुढे केला. मग वल्लरीकडे वळून पुटपुटले, "तिला आता दिसत न्हाय, पर कबूल करायची न्हाय. मी प्यालेला असलो, तरच ती माझा हात धरती."