तेव्हाचं खोटं

"आधीच सांगून ठेवतो," दातांचे डॉक्टर म्हणाले, "हे खोटं निघालं तर मी गप्प बसणार नाही."

त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीकडे रोखून बघितलं. खुर्चीत जुनी तिकिटं पारखणाऱ्या भिंगबाईंचे वडील बसले होते. पाकिटातलं जुनं टपाल तिकीट डॉक्टरांनी त्यांच्याच दुकानातून घेतलं होतं, आणि आता ते अस्सल की नकली हे विचारायला आले होते त्यांच्याच मुलीकडे.

"दुसऱ्या कोणाकडे न्या ना," भिंगबाई म्हणाल्या. "उद्या लोक म्हणतील, मुलीने बापाला सांभाळून घेतलं."

"तुम्ही? लग्न होऊन आठवडा नाही झाला तोवर नवऱ्याचा अख्खा अल्बम नकली ठरवलात तुम्ही! अजून तो बिचारा तिकिटाला हात लावत नाही म्हणे. नाही, तुमचाच शिक्का हवा मला. तो सगळे मानतात."

बाबांना हसू आलं नाही. "बघ गं," ते म्हणाले. "जे असेल ते लिही. माझा मुलाहिजा नको."

भिंगबाईंनी पाकीट पुढे ओढलं. खोटं निघालं तर बाबांचं दुकान बंद, संग्राहकांच्या मंडळातून हकालपट्टी, आणि या वयात लोकांची बोलणी. आणि ते लिहायचं कोणी, तर पोटच्या पोरीने!

तिकीट जुन्या वर्तमानपत्रांचं होतं. एके काळी पेपर टपालाने धाडायचा तर हे खास तिकीट लागायचं. ते आधी कोऱ्या कागदावर चिकटवायचे आणि मग कागद छापायला जायचा, त्यामुळे पेपरची अक्षरं थेट तिकिटावरूनच उमटायची. तिकीट वापरल्याची तीच खूण. लोकांनी पेपर वाचले, त्यात सामान बांधलं, फेकून दिले. उरली ती तिकिटं मोजकी, म्हणून तर नकली करणाऱ्यांचा त्यांच्यावर डोळा.

यातलं बरंचसं भिंगबाई बाबांकडूनच शिकल्या होत्या. छापखाना बंद पडून दुकान थाटेपर्यंत बाबांचा जन्म छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेला. लेकीला अक्षरओळख करून दिली तीही शिशाच्या उलट्या खिळ्यांवरून; शाळेत कित्येक दिवस ती सगळी बाराखडी उलटी काढायची आणि मार खायची.

त्यांनी चिमट्याने कपटा उचलला. पेपरच्या माथ्याचा फाटका तुकडा, कोपऱ्यात निळं तिकीट आणि त्यावरून गेलेली पेपरच्या नावाची काळी अक्षरं.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

अस्सल तिकीट ठसा दाबून छापलेलं असतं, रेघा कागदात रुततात. इथे निळी शाई वरच्यावर पसरली होती. नक्षीतल्या फुलाची एक पाकळीही गायब होती. नकली. शंकेला जागाच नव्हती.

"काय?" डॉक्टर टेबलावर ओणवे झाले.

"थांबा हो जरा! तुम्ही दात काढताना आम्ही तुमच्या डोक्यावर बसतो का?"

आवाज चढला होता, तो त्यांना स्वतःलाच परका वाटला. बाबांकडे बघायचा धीर होईना.

"घाई करू नकोस," बाबा शांतपणे म्हणाले. "तिकीट बघितलंस. आता बाकीचं बघ."

बाकीचं काय बघायचं, कपाळ? भिंगबाईंना संताप आला, रडूही आलं. तरी लहानपणापासूनची सवय, बाबा म्हणाले की बघायचं. त्यांनी भिंग तिकिटाच्या कडेवर आणलं.

आणि त्या बघतच राहिल्या.

काळी अक्षरं तिकिटावरून उतरून कागदावर गेली होती, कुठेही न तुटता. दाबाची खोल खूणही तशीच सलग. तिकिटाचा सुटा कोपरा उचलून बघितला, तर खालचा कागद मात्र कोराच. म्हणजे पेपर छापला गेला तेव्हा तिकीट तिथे होतंच की!

"डॉक्टर, तिकीट खोटंच आहे," त्या म्हणाल्या.

"बघा! मी म्हणत होतो—"

"पण तेव्हाचं खोटं. पेपरवाल्यांपैकीच कोणीतरी टपालखात्याला टोपी घालायला घरच्या घरी तिकिटं छापली, लावली, आणि वर पेपर छापला. बाबा सोडा, त्यांचे आजोबाही जन्मले नसतील तेव्हा. अशी बनावट तिकिटं अस्सलापेक्षाही दुर्मीळ असतात. तुम्हाला घबाड लागलंय!"

डॉक्टर तडक कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी गेले. बाबांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "काका, मी नाही नाही ते बोललो हो तुम्हाला."

"चालायचंच," बाबा म्हणाले.

भिंगबाईंनी दाखला लिहिला, सही केली, शिक्का उमटवला. कपटा खिशात जपून ठेवत डॉक्टर हरखून बाहेर पडले.

दार लागलं तशा भिंगबाई बाबांच्या खुर्चीपाशी बसल्या आणि इतका वेळ आवरलेलं रडू फुटलं.

"माझं चुकलं बाबा. मला वाटलं, तुम्हीच... तुमच्यावर संशय घेतला मी."

बाबांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "वेडी आहेस. तू तिकिटावर थांबणार नाहीस, याची मला खात्री होती."

"इतकी?"

"मग! तुझ्या शिक्क्यासाठीच तर सगळा खटाटोप," बाबा कौतुकाने म्हणाले. "तिकीट काय, एका दुपारी झालं होतं गं. त्याच्यावरची अक्षरं जमेपर्यंत मात्र माझा अख्खा हिवाळा गेला."