चषकावरचं नाव

"नाव तेवढं काढू नका, अध्यक्ष," म्हणत रंगराव क्रीडा मंडळाच्या पायरीवरच बसले. "मागच्या भेटीत तुरुंगाच्या जाळीतून पोरानं एवढंच विचारलं, की चषक अजून माझ्याच नावाचा आहे ना? नाही म्हटलं तर जिवाचं काहीतरी करून घेईल तो."

पोरगा साधासुधा नव्हता. कबड्डीच्या लीगमध्ये त्याच्या चढाईला अख्खं राज्य श्वास रोखून बसायचं, आणि गावानं तर कौतुकाच्या भरात त्याच्या नावाचा चषकच सुरू केला होता. मग एका विजयाच्या पार्टीत त्यानं वेटरच्या डोक्यात बाटली घातली. वेटर गेला, याला जन्मठेप झाली. वेटरचं नाव काय, हे गावात कुणी विचारलं नाही.

अध्यक्षांनी शांतपणे पान जमवलं. "रंगाकाका, खुन्याच्या नावाच्या चषकाला आमदारसाहेब येत नाहीत. पण एक वाट आहे. नावाआधी 'कैलासवासी' लावू. मेलेल्या माणसाचं कुणी काही काढत नाही. बाहेरच्यांना वाटेल, तुरुंगातच गेला."

रंगराव पायरीवर पुढं सरकले. "पण नाव राहील?"

"चांगलं मोठ्या अक्षरांत! फ्लेक्स, फोटो, सगळं. फक्त आपल्याकडं स्मृतिचषक म्हटला की फोटोला पहिला हार आईनं घालायचा असतो. काकू तयार होतील?"

"होईल की," रंगराव घाईघाईनं म्हणाले. "तिला वाचता येत नाही. पोराचा सत्कार आहे, असं सांगतो."