दोन टिंबांच्या पुढे

“बावन्न, त्रेपन्न…” संगणक मोठ्यानं मोजत होता. प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर टाकून गॅलरीत बसलेली चार्वी रडवेली झाली होती. ती भराभर मोजते, अशी मुलांची तक्रार होती. म्हणून लपाछपीत आता संगणक मोजणार आणि ती वरूनच इस्टॉप देणार होती.

“आजोबा, हा वीसला थांबत का नाही?” ती माझ्यावरच चिडली.

“रस्ट भाषेतल्या तुझ्या प्रोग्रॅममध्ये काय लिहिलंस, ते वाच बघू.”

“एक, आणि पुढे दोन टिंबं.”

“टिंबांनंतर?”

“काहीच नाही. तुम्हीच म्हणालात, शेवट मोकळा ठेवला तरी चालतो!”

“मग वीस त्याला कसं कळणार, बाळ?”

खालून ओरडा आला, “ए चार्वे, झोपलीस का? आम्ही दुसरं काहीतरी खेळतो!”

तिनं कीबोर्ड ढकलून दिला. “आता मला खेळायला कोणी घेणारच नाही.”

लपून कंटाळलेली मुलं भांडायलाच वर आली.

“अजून मोजतोय?”

“हजारला दमेल.”

“छट्, लाखापर्यंत जाईल. लाव पैज!”

बघता बघता सगळी तिच्या खुर्चीभोवती दाटीनं बसली.

मी संगणक थांबवायला हात पुढे केला. चार्वीनं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं.