बाहेरून दिसणारे फरक

"हे एफएल. पाठ सडपातळ, पंखाखाली एकेकच खुंटी, नाकावरची नळी मधोमध." इम्तियाजनं वीतभर लांबीचं ते प्लास्टिकचं विमान अलगद चादरीवर ठेवलं आणि दुसरं उचललं. "आणि हे बिस. पाठ फुगलेली, खुंट्या दोन-दोन, नळी उजवीकडं सरकवलेली. दोन्ही मिग एकवीसच, पण दोघांना एक समजेल तो आंधळा. अनंत्या, माझी परीक्षा घेतोस होय रे?"

अनंत परीक्षाच घेत होता. सकाळी बिलकिसचा फोन आला होता. दोन दिवस ह्यांच्या पोटात डब्यातल्या चार बिस्किटांपलीकडं काही गेलेलं नाही. परक्या बाईच्या हातचं खाणार नाही म्हणतात. परकी बाई म्हणजे मी. आज जेवले नाहीत तर डॉक्टर उद्या सलाइनला घेऊन या म्हणालेत. हे सगळं तिनं वाण्याची यादी वाचावी तशा आवाजात सांगितलं होतं. मग अनंतनं स्वतःच्या कपाटातली दोन विमानं पिशवीत घातली आणि बुधवार पेठेत आला. विमानं ओळखली, तर डोकं अजून चालतंय. आणि चालत असलेल्या डोक्याशी चाळीस वर्षं वाद घालायचा सराव त्याला होता.

अनंतला मात्र इम्तियाजनं दारातच ओळखलं. त्यात विशेष काही नव्हतं. अनंतला पंचविशीतच टक्कल पडलं होतं, चष्माही तेव्हापासूनचा. त्याच्यात पुढं बदलायला काही उरलंच नव्हतं.

बिलकिस खिचडीचा वाडगा घेऊन आत आली. तशी इम्तियाजनं पाय पोटाशी घेतले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं. पाहुण्या बाईसमोर सभ्य माणूस जे करतो, ते सगळं केलं.

"ही कोण?" अनंतनं विचारलं.

इम्तियाज त्याच्या कानाशी झुकला. प्रदर्शनात दुसऱ्याच्या मॉडेलमधली खोट सांगताना झुकायचा, तसाच. "बिलकिससारखी आहे. खूप आहे. पण नीट बघ. बिलकिसच्या नाकात चमकी आहे, हिचं नाक मोकळं. बिलकिसला चष्मा नाही. केस तर सोडूनच दे, हिचे पांढरे. आणि चाल बघितलीस? बिलकिस सरळ चालते, ही डावीकडं कलते."

ते कुजबुजणं खोलीभर ऐकू गेलं. बिलकिसचा हात नाकाकडं गेला आणि परत आला. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात चमकी काढायला लावली होती. ती परत घालायची राहिली, आणि गुडघाही तसाच राहिला.

अनंतनं बिस उचललं. "हे बघ. पुढं ह्याच बिसचं बायसन केलं की नाही? समोरची काच बदलली, नाकातलं रडार बदललं. सांगाडा तोच. म्हणजे विमान तेच ना? माणसाचंही तसंच असतं रे. वयानं थोडी काच बदलते."

इम्तियाजनं खरोखर विचार केला. भुवया आक्रसल्या, बोटं हवेत काहीतरी मोजायला लागली. बिलकिस वाडगा घेऊन एक पाऊल पुढं आली.

"सांगाडा तोच," इम्तियाज म्हणाला. "पण बायसनला तू कधी कुणाला बिस म्हणू दिलंस? प्रदर्शनात त्या दीनानाथचं मॉडेल तूच टेबलावरून उतरवलं होतंस. बिचारा रडायचा बाकी होता. एक काच तर चुकली होती."

अनंतनं बिस परत चादरीवर ठेवलं. दीनानाथच्या वेळी त्याच्याकडं चांगला अर्धा तास पुरतील एवढी उत्तरं होती.

बिलकिसनं वाडगा स्टुलावर ठेवला. चष्मा काढून ओढणीनं पुसला आणि परत घातला. मग तीच ओढणी तिनं डोक्यावरून नीट ओढून घेतली आणि पलंगापासून हातभर अंतर राखून खुर्चीच्या कडेवर बसली.

"बरोबर ओळखलंत, भाई," ती म्हणाली. "मी बिलकिस नव्हे. तिची आपा."

अनंतनं मान वर केली. बिलकिस सोलापूरच्या माहेरी थोरली. तिला मोठी बहीण नव्हती.

"सोलापूरच्या?" इम्तियाजनं विचारलं.

"सोलापूरची. बिलकिस जरा बाहेर गेलीय. येईपर्यंत तुम्हाला उपाशी ठेवू नकोस, म्हणाली."

इम्तियाजचा चेहरा मोकळा झाला. दोन दिवसांचं कोडं सुटल्यासारखं तो अनंतकडं वळून म्हणाला, "तरीच. एवढं साम्य उगाच नसतं."

त्यानं तोंड उघडलं. पहिला चमचा, मग दुसरा. तिसऱ्याला तो स्वतःच पुढं सरकला. तो भराभर खात होता, लहान मूल शाळेतून आल्यावर खातं तसा. अनंत उठून खिडकीपाशी गेला आणि बाहेर बघण्यासारखं काही नसताना बाहेर बघत राहिला.

"मीठ अगदी तिच्या हातचं," मागून इम्तियाजचा आवाज आला.

"एकाच आईकडं शिकलो."

वाडग्याच्या तळाला चमचा लागला. बिलकिसनं कडेचा भात निपटून शेवटचा घास केला, त्याच्या हनुवटीखाली हात धरला आणि भरवला. तो त्यानं सावकाश चावला.

"आपा, ती आली की सांगा तिला. फार उशीर करते. मी घाबरतो इथं एकटा."

"सांगते, भाई," बिलकिस म्हणाली आणि ओढणीच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं.