काठीवाला पाहुणा

डोळे मिटा आणि दिघोरीच्या शिवारात या. समोर धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर आहे. चिखलणी झाली आहे, रोवणी व्हायची आहे. चिखल सायीसारखा गुळगुळीत. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, दोन माणसं येत आहेत. आता पळसाच्या झुडपामागे लपलेल्या खुशबूशेजारी बसा. आवाज करू नका.

पुढे चाललाय तो कृषी खात्याचा अतुल. मागचा पाहुणा अफगाणिस्तानातला. भारताच्या मदतीने तिकडे तलाव, कालवे व्हायचे आहेत, म्हणून इथली तलावाखालची शेती बघायला आला, असं अतुलने गावात सांगितलं होतं. खुशबूच्या बाबांना, मंगरूला, ते पटलं नव्हतं. त्याने तिला बजावलं होतं,

"आपलं जुनं वावर धरणात गेलं, तेव्हाबी आधी असाच काठीवाला मोजाले आला होता. नजर ठेव, पोरी. हेबी गेलं तं खाऊ काय?"

खुशबू नजर ठेवून होती. पाहुणा काठीने आधी माती टोचायचा. मग अतुलचं पाऊल जिथे उमटलं, नेमका त्यावरच आपला पाय ठेवायचा. हा काहीतरी मोजतोय, तिची खात्री झाली.

बांधीपाशी मंगरू आडवा आला. "उतरा खाली! मातीच पाहाची आहे ना?"

पाहुण्याने कोऱ्या चिखलाकडे पाहिलं आणि तो मागे सरला.

"चोराच्या मनात चांदणं!" मंगरू कडाडला. "अतुलभाऊ, इचारा त्याले, भेऊन काहून राहिला?"

अतुलने विचारलं. पाहुणा हळू आवाजात बोलला. उत्तर सांगताना अतुलच अडखळला.

"मंगरूभाऊ, तिकडे लढाईत वावरावावरात सुरुंग पेरले. लढाई सरली, सुरुंग मातीतच आहेत. पाय पडला का फुटते. जिथं कोणाचं पाऊल नाही, तिथं हा पाय देत नाही. तुमच्या खुशबूएवढी पोरगी होती याची. फुलं तोडाले उतरली होती."

मंगरूने डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला.

झुडूप हललं. खुशबू बाहेर आली. तिने चपला धुऱ्यावर काढल्या आणि ती त्या कोऱ्या चिखलात उतरली. पाहुण्याच्या समोरून निघून पार पलीकडच्या धुऱ्यापर्यंत चालत गेली, आपली पावलं मोठ्या माणसाच्या पायांना जुळावीत म्हणून लांब लांब ढांगा टाकत.